घाई कुणाला होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. तोक्योतल्या ओजिमा भागात ज्या घरात मी सहा वर्षं एका खोलीत राहिले, त्या घरच्या शिल्पाताईंना नाही. लग्न ठरलं तेव्हा ‘एकमेकांना सगळं सांगून टाकू’ म्हणून आम्ही दोघं एक अख्खी दुपार बसलो होतो, तेव्हाही नाही. त्याने त्याचं सांगितलं. मी बारावीच्या परीक्षेत केलेल्या एका कॉपीचं सांगितलं. तो हसला, मीही हसले. कॉपी खरी होती. पण जे सांगायचं होतं ते ती नव्हती — आणि हे मला बोलतानाच माहीत होतं.

मग आता का सांगते? पश्चात्ताप उफाळून आला असं काही झालेलं नाही. खरं तर मी दमले आहे. लाज फार जुनी झाली की ती टोचत नाही, तिचं नुसतं ओझं होतं. आणि परवा माझं जपानी लायसन्स नूतनीकरण होऊन आलं, त्यावर सोनेरी पट्टी आहे. पाच वर्षं एकही नियम न मोडणाऱ्याला इथे ती पट्टी देतात. खिडकीतल्या बाईंनी ‘अभिनंदन’ म्हणून दोन्ही हातांनी ते कार्ड पुढे केलं. मी ते घेतलं. तेव्हापासून हे लिहायला बसते आहे आणि उठते आहे.

तुम्हाला वाटेल, गोष्ट खूप मोठी असणार. तशी नाही. गाडी फार वेगात चालवल्याबद्दल पोलिसांनी दिलेली एक चिठ्ठी आहे. पहिलीच, आणि आजवरची शेवटची.

आमच्या घरात मी कॉलेजात गेलेली पहिली. बाबा मोंढ्यात हमाल. आमचं शेत नव्हतं, दुसऱ्यांच्या शेतातली पोती होती. मी कृषीला गेले, मातीचा अभ्यास केला, शिष्यवृत्ती मिळाली आणि तोक्योला पीएचडीला आले. घरातून निघताना बाबा एवढंच म्हणाले, “तिथं चुकू नको बाई.” त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मी ते अंगाला बांधून आणलं. आमच्या घरात चुकलेलं कसं निस्तरायचं हे ठाऊक असलेलं माणूसच नव्हतं. माझ्याआधी कुणी चुकण्याइतकं वर पोचलंच नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगते आहे.

२०११च्या मोठ्या भूकंप-त्सुनामीनंतरचं तिसरं वर्ष चालू होतं. उत्तरेला मियागीच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी ज्या भातखाचरांत शिरलं होतं, तिथल्या मातीतलं मीठ किती उतरलं हे मोजणं माझ्या प्रबंधाचा विषय होता. दर दोन महिन्यांनी मी गाडीने — म्हणजे आगगाडीने — वर जायची, स्टेशनबाहेर छोटी पांढरी व्हॅन भाड्याने घ्यायची आणि दिवसभरात सात खाचरांतली माती पिशव्यांत भरून संध्याकाळी परत यायची. त्यासाठी माझं पुण्यातलं लायसन्स जपानी करून घेतलं होतं. त्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. एकदा वळताना मान पुरेशी वळवली नाही म्हणून. आयुष्यात नापास होण्याचा तो माझा पहिला अनुभव, आणि तोही मी घरी कळवला नव्हता.

चौथं खाचर हिसा नावाच्या आजींचं होतं, तिथल्या आदराच्या रीतीने हिसा-सान. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा लाटेत गेला, घर जोत्यासकट उरलं नाही. त्या डोंगराच्या बाजूला तात्पुरत्या घरांच्या रांगेत राहायच्या — पत्र्याच्या भिंती, एकाला लागून एक, शेजाऱ्याची खोकल्याची उबळही ऐकू येईल अशी. मुलगा सेन्दाईत नोकरीला. हिसा-सान गाडी चालवत नव्हत्या, आणि खाचर तिथून बारा-तेरा किलोमीटरवर. बस दिवसातून तीनदा, तीही किनाऱ्यापर्यंत न जाणारी. मग ठरूनच गेलं होतं: मी आले की आधी त्यांच्या दाराशी जायचं, त्यांना घ्यायचं, त्यांच्या खाचराशी उतरवायचं, मी बाकीची खाचरं करायची, आणि परतताना त्यांना घरी सोडायचं. तेवढ्या वेळात त्या बांधावर बसून राहायच्या. नाहीतर बांधावरचं गवत विळ्याने कापायच्या. कापायची गरज नव्हती. शेती आता गावातल्या एका कंपनीकडे होती, त्यांची यंत्रं येऊन काम करून जायची.

आणि हे महत्त्वाचं आहे, म्हणून नीट सांगते. त्या वर्षीचं पीक हे त्या खाचराचं शेवटचं पीक होतं. सुगी झाली की सरकारी योजनेत त्या भागातले सगळे बांध मोडायचे होते. लहान लहान खाचरं एकत्र करून मोठ्या यंत्रांसाठी लांबलचक शेतं आखायची होती. हिसा-सानची त्याला ना नव्हती, सही त्यांनीच केली होती. त्यांना फक्त बांध आहेत तोवर येत राहायचं होतं. “लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने मला हा कोपरा लावायला दिला होता,” म्हणायच्या. “वाकडा लावला. अजून हसतात.” कोण हसतं, ते सगळे तर गेले, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी खारवलेल्या मातीत लावलेलं भात पहिल्यांदा नीट उभं राहिलं होतं.

माझ्या ‘वर्षा’ नावातला ‘व’ त्यांच्या जिभेवर यायचा नाही. मी त्यांची बारुशा-सान.

आता तो दिवस.

जुलै. मी एकटीच होते. सगळी खाचरं उरकून परतताना हिसा-सान शेजारी बसल्या होत्या, मांडीवर विळा फडक्यात गुंडाळलेला. समुद्राकडून डोंगराकडे जाणारा तो रस्ता नुकताच उंच करून नव्याने बांधला होता. सरळ, रुंद, रिकामा. दोन्ही बाजूंना काही नाही, मधूनच घरांची जोती आणि गवत. पन्नासची मर्यादा होती. हिसा-सान बोलत होत्या. मी ऐकत नव्हते. त्यांनी दोनदा म्हटलं, “सावकाश जाऊ दे, सावकाशच बरं.” हेही मी ऐकलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ऐकलं होतं.

पुढे उतारावर झाडाच्या सावलीत एक माणूस घडीच्या खुर्चीवर बसलेला दिसला. एवढ्या उन्हात हा इथे कशाला बसलाय, एवढंच मनात आलं. दोनशे मीटर पुढे दुसऱ्याने रस्त्यात येऊन लाल झेंडा दाखवला आणि मला एका मोकळ्या जागेत वळवलं. जपानीत याला ‘नेझुमितोरी’ म्हणतात — उंदीर पकडणं. टेबल, दोन खुर्च्या, एक छोटं यंत्र. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. एक्क्याऐंशी.

पोलिस चाळिशीतला असावा. अंगावर ओरडला नाही, उलट फार नीट समजावलं. एकोणतीसपर्यंत जास्त असतं तर निळी चिठ्ठी, पैसे भरून विषय संपला असता. तुमचं एकतीस आहे, म्हणून लाल. लाल म्हणजे कोर्टाचं बोलावणं, आणि लायसन्स तीस दिवस बंद. हे ऐकताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला अजून शब्दशः आठवतं. व्हिसा. शिष्यवृत्ती. सेन्सेइ — म्हणजे माझे प्राध्यापक — काय म्हणतील. आणि बाबांचा आवाज. या क्रमाने. हिसा-सान त्या यादीत नव्हत्या.

मग त्याने विचारलं, “काही कारण होतं का? घाई होती?”

मी म्हटलं, “हो. घाई होती.”

जपानीत हे वाक्य कर्त्याशिवाय होतं, आपल्या मराठीसारखंच. घाई होती. कुणाला, ते वाक्यात यावंच लागत नाही. मी तिथे थांबले असते तर ते वाक्य तसंच, कुणावरही न पडता, कागदावर उतरलं असतं. पण त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि वर पाहिलं. फक्त पाहिलं. त्याने ‘कुणाला’ असं विचारलंसुद्धा नव्हतं.

आणि मी म्हटलं, “आजींना. आजींना घरी लवकर पोचायचं होतं. त्या म्हणाल्या, जरा लवकर चल.”

अगदी व्यवस्थित जपानीत म्हटलं. एरवी माझे प्रत्यय चुकायचे. त्या दिवशी एकही चुकला नाही.

तो उठून व्हॅनच्या खिडकीशी गेला. मी टेबलाशीच होते, पण सगळं ऐकू येत होतं, तिथे दुसरा आवाजच नव्हता. “आजी, तुम्हाला घाई होती का?” हिसा-साननी काचेतून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? दोन सेकंद असतील. मी मान खाली घातली नाही, हे मला आठवतं — मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मी काय मागत होते ते त्यांना कळलं असणार. मग त्या म्हणाल्या, “माफ करा हं. मीच घाई केली. मीच पोरीला पळवलं.” आणि बसल्या जागी वाकल्या; इथे चूक ज्याची, तो जास्त खाली वाकतो. पट्टा लावलेला होता, तो मध्येच अडकला आणि त्यांना अर्ध्यात धरून राहिला. तरी त्या पुन्हा वाकल्या.

पोलिस म्हणाला, “तरुण माणसांना असं घाईला लावायचं नाही, आजी. लवकर पोचायचं तर लवकर निघावं.”

“खरं आहे,” हिसा-सान म्हणाल्या. “खरं आहे.”

त्याने परत येऊन ते कारण कागदावर लिहिलं आणि मला सही करायला सांगितली. आणि मग म्हणाला — त्याच नीट समजावण्याच्या सुरात — की कारण काही असलं तरी आकडा आकडाच असतो. चिठ्ठी लालच राहील. म्हणजे त्या खोट्याने माझा एक किलोमीटरसुद्धा कमी झाला नाही. खोटं बोलून निदान काही मिळवलं असतं, तर आज हिशेब तरी करता आला असता. मला काहीच मिळालं नाही. मी त्यांना फुकटच पुढे केलं.

घाई खरी कुणाला होती, ते अजून सांगितलं नाही मी. पाहा, इथेही टाळतेच आहे.

घाई मला होती. आणि कशाची? परतल्यावर हिसा-सान मला दर वेळी घरात बोलवायच्या. तिकडच्या बोलीत ‘ओचाक्को’ म्हणतात त्याला — चहा, सोबत मुळ्याचं लोणचं, आणि गप्पा. शेजारच्या दोघीतिघी यायच्या. तास-दोन तास जायचे. त्याच गोष्टी: सासू, वाकडा कोपरा, नवऱ्याचं शेवटच्या दिवशी शेडमधलं यंत्र आणायला परत फिरणं. पहिल्या दोन-तीन वेळा मी डोळे पुसत ऐकल्या. नंतर मला त्या पाठ झाल्या. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आज दारातूनच निघायचं आणि आधीची आगगाडी गाठायची. ओजिमाला पोचून करायचं काय होतं? काही नाही. कुकर लावायचा आणि झोपायचं. मला हिसा-सानपासून लवकर सुटायचं होतं, म्हणून मी एक्क्याऐंशीने गाडी हाकत होते. आणि मी म्हटलं, घाई त्यांना होती.

उरलेल्या रस्त्यात मी चाळीसने गेले. मला वाटलं, आता हिसा-सान विचारतील. मी उत्तर जुळवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “बारुशा-सान, माझ्यामुळे तुला त्रास झाला. माझ्यासाठी यावं लागतं तुला इतक्या लांब वळून. माफ कर हं.” हे खोटं निभावून नेणं नव्हतं, त्या मनापासून म्हणत होत्या. त्यांनी दोन किलोमीटरांत स्वतःला पटवून घेतलं होतं की चूक त्यांचीच.

आणि मी म्हटलं, “दाइजोबु.” असू द्या, काही हरकत नाही.

कळतंय ना तुम्हाला? मी त्यांना माफ केलं.

त्या दिवशी चहाला बोलावलं नाही त्यांनी. मी आधीची आगगाडी गाठली.

यानंतरचं सगळं मी शांत डोक्याने केलं, म्हणून ते जास्त वाईट. पोलिसापुढे माणूस घाबरतं, तोंडातून काहीतरी निघतं, असं कुणी म्हणेल. पण शिल्पाताईंपुढे मला कसली भीती होती? त्यांनी लाल कागद पाहिला आणि म्हणाल्या, “काय गं, सापडला का उंदीर?” मी त्यांनाही तेच सांगितलं. वर थोडं रंगवून — म्हातारी सारखी ‘चल चल’ करत होती. शिल्पाताई पोळ्या लाटत होत्या. “म्हाताऱ्या माणसांना गाडीत घ्यायचंच नाही,” म्हणाल्या. “आपण भलं करायला जातो आणि आपल्याच गळ्यात येतं. तू ना, फार साधी आहेस.” त्यांनी मला गरम पोळीवर तूप घालून दिलं. मी ती खाल्ली.

दहा-बारा दिवसांनी सेन्सेइंच्या पत्त्यावर हिसा-सानचं पत्र आलं. ब्रशच्या पेनाने, उभ्या ओळींत, थरथरत्या अक्षरांत. माझ्या उतावीळपणामुळे तुमच्या विद्यार्थिनीला दंड झाला, तिच्या अभ्यासात अडथळा आला, तिचा काही दोष नाही, तिला रागावू नये. सेन्सेइंनी मला बोलावून ते वाचून दाखवलं, काही जुनी अक्षरं मला येत नाहीत म्हणून. मग चष्मा काढून म्हणाले, “तू एवढं घडलं तरी त्यांचं नाव माझ्याकडे घेतलं नाहीस.” खरंच घेतलं नव्हतं, त्यांना मी नुसतं ‘माझी चूक झाली’ म्हटलं होतं, कारण तेच शोभून दिसेल असं मला वाटलं होतं. “तुझा स्वभाव चांगला आहे, वर्षा-सान.” त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं होतं. सांगायला याहून चांगली जागा कुठली असते? मी म्हटलं, “नाही, नाही.” जपानीत कौतुक झालं की असंच म्हणतात. तो नकार नसतो.

कोर्टाचं काम एका सकाळीत उरकलं. मग लायसन्स बंद झाल्याची नोटीस आली आणि तिच्यासोबत आणखी एक कागद. तीस दिवसांची बंदी कमी करून हवी असेल तर एक दिवसाचा वर्ग करता येईल. नीट पास झालात तर एकोणतीस दिवस माफ. त्यासाठी तुम्ही पात्र आहात, असं लिहिलं होतं. मी तो शब्द शब्दकोशात पुन्हा पाहिला. पात्र. सप्टेंबरमध्ये पुन्हा माती आणायला जायचं होतं, मी लगेच नाव दिलं.

वर्ग सकाळी नऊला. शाळेसारखी बाकं, चाळीसेक माणसं, बहुतेक पुरुष. मोबाईल बंद. अपघाताची फिल्म, खेळातल्यासारखी खोटी गाडी चालवून डोळ्यांची चपळाई मोजणं, खऱ्या गाडीवर एक फेरी. माझ्या शेजारी एक ट्रकवाला होता, दिवसभर पेंगत आणि जागं होऊन ‘काय म्हणाले?’ विचारत. दुपारी मास्तरांनी कोरा कागद वाटला: मी नियम का मोडला, पुढे काय करीन. नाव लिहायची गरज नाही.

नाव लिहायची गरज नव्हती. ते कागद कुणी पोलिसांकडे पाठवणार नव्हतं. त्या वर्गात मला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि त्या माणसांना मी पुन्हा कधी भेटणारही नव्हते. वीस मिनिटं होती. मी पेन हातात घेऊन बसले आणि खरं काय ते मला लख्ख दिसत होतं. आणि मी लिहिलं — एका वृद्ध बाईंना घाई होती, मला त्यांना ‘नाही’ म्हणता आलं नाही. पुढे मी ‘नाही’ म्हणायला शिकेन.

रस्त्यावर बोलले ते भीतीने. हे कशाने? मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, तोवर मला ती दुसरी वर्षा आवडायला लागली होती. आजींसाठी दंड सोसणारी.

मास्तरांनी चार-पाच कागद वाचून दाखवले, त्यात माझा होता. म्हणाले, “असेही लोक असतात. मन चांगलं असतं, पाय मात्र ॲक्सिलरेटरवर असतो. ब्रेक मनाला नाही, पायाला लागतो.” लोक हसले, काहींनी माना डोलावल्या. ट्रकवाला जागा झाला आणि माझ्याकडे झुकून म्हणाला, “असं काही लिहायला हवं होतं मी. मी खरं लिहिलं, की झोप आली होती.” शेवटच्या परीक्षेत मला उत्तम मार्क पडले. परीक्षांत मी नेहमीच चांगली होते. एकोणतीस दिवस माफ.

सप्टेंबरमध्ये मी व्हॅन घेऊन हिसा-सानच्या दाराशी उभी राहिले. त्या बाहेर आल्या, घरातलीच चप्पल पायात. हातात विळा नव्हता. म्हणाल्या, “आज नको. मी बसने जाईन कधीतरी.”

मी म्हटलं, “बस तिथपर्यंत जात नाही ना?”

“चालेन थोडं.”

मी आग्रह केला. त्या हसून मागे सरकत राहिल्या. “तू कामाची. मी बसले की उशीर होतो. माझ्याने पुन्हा कुणाला त्रास नको.” शेजारच्या तोशिको-सान दारात कपडे वाळत घालत होत्या. मी निघाले तेव्हा त्या माझ्यासोबत गाडीपर्यंत आल्या. “कुणाच्याच गाडीत बसत नाही ती आता,” हळू आवाजात म्हणाल्या. “माझ्या जावयाने डोळ्यांच्या दवाखान्यात नेतो म्हटलं, त्यालाही नाही म्हणाली. मी बसले की पोरांना पोलिस धरतात, म्हणते. हट्टी आहे म्हातारी, काय करायचं?” त्या माझ्याकडे पाहत होत्या, जणू उपाय मी सांगणार होते. एका वाक्याचा उपाय होता. मी म्हटलं, “समजावते मी पुढच्या वेळी.”

खाचर पिवळं पडायला लागलं होतं. मी माती भरली. बांधावरचं गवत गुडघ्याएवढं झालं होतं, कापलेलं नव्हतं. चालत कुणी आलं असेल असं दिसलं नाही.

ऑक्टोबरात सुगी झाली. यंत्र आलं आणि एका सकाळीत सगळं कापून गेलं. मी नमुन्यांसाठी तिथे होते. मी मोबाईलवर फोटो काढले, वाकड्या कोपऱ्याचाही, आणि छापून हिसा-सानना नेऊन दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी कपाळाला लावले. एकेक करून डोळ्यांच्या फार जवळ धरून पाहिले. “छान झालंय,” म्हणाल्या. “बघ, खरंच किती छान झालंय.” मला तेव्हाही बोलता आलं असतं. बांध अजून होते. हिवाळा सुरू व्हायला महिना होता. मी फक्त एवढं म्हटलं असतं की घाई तुम्हाला नव्हती, तुम्ही तर सावकाश म्हणाला होतात, चला गाडीत बसा — तर कदाचित त्या आल्या असत्या. त्यांना नक्कीच आठवत होतं, सावकाश कुणी म्हटलं होतं. मी तोंडाने म्हटलं असतं म्हणजे झालं असतं.

फेब्रुवारीत गेले तेव्हा बांध नव्हते. चौथं खाचर कुठे संपायचं ते मला जीपीएस बघून शोधावं लागलं.

माझा प्रबंध पूर्ण झाला. आभारांच्या पानावर हिसा-सानचं नाव आहे. सेन्सेइंनीच सुचवलं.

शेवटची भेट त्याच्या पुढच्या वर्षी. माझं तिकडचं काम संपलं होतं, मी निरोप घ्यायला गेले होते. हिसा-सान नव्या सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या होत्या, एका डोळ्याने फार कमी दिसायचं. योगायोगाने मुलगा आला होता, पन्नाशीचा, ऑफिसच्या कपड्यांत. हिसा-साननी माझी ओळख करून दिली: “ही ती बारुशा-सान. माझ्यामुळे जिला त्रास झाला.” मुलाला सगळं ठाऊक होतं, इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलेलं असणार. तो चटकन उठला, हात मांड्यांशी सरळ धरले आणि “आईमुळे तुम्हाला फार सोसावं लागलं” म्हणून कमरेतून खोल वाकला, बराच वेळ वाकून राहिला.

मीही वाकले. त्याच्यापेक्षा थोडं कमी.